एएस/४००ला जोडताना एम्युलेटर अडला तर

"नव्या लॅपटॉपवर हिरवी स्क्रीन येत नाही," असा फोन आला की मी आधी एकच विचारते, कोड काय दिसतोय? बहुतेकांनी तो वाचलेलाच नसतो. एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपला जुन्या टर्मिनलचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्राम, मात्र दोनदा काढून परत टाकलेला असतो. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

एएस/४०० म्हणजे आयबीएमची कंपन्यांत चालणारी संगणक यंत्रणा, आताचं आयबीएम आय; हिरवी स्क्रीन म्हणजे त्याची अक्षरांची स्क्रीन, आणि होस्ट म्हणजे तेच. ते नुसत्या टेलनेटवर भागवत नाही, त्यावरून ५२५० ही त्याच्या टर्मिनलांची भाषा बोलतं. जोडणी होताना एम्युलेटर त्याला सांगतो की मी अमुक जातीचा टर्मिनल, माझं नाव हे, माझा कीबोर्ड नि कोड पेज (कुठला बाइट म्हणजे कुठलं अक्षर याचा तक्ता) हे. यातलं काही होस्टला पटलं नाही की अडतं. होस्ट उत्तरादाखल चार अक्षरी कोड पाठवतो. आय९०२ आला तर सगळं ठीक. ८९०२ म्हणजे डिव्हाइस, म्हणजे तुमच्या टर्मिनलची होस्टवरची नोंद, मोकळं नाही, ८९०३ म्हणजे या सेशनला ते चालणारं नाही, ८९२५ म्हणजे डिव्हाइस तयार करता आलं नाही, ८९४० म्हणजे आपोआप कॉन्फिगर होऊ शकलं नाही. पूर्ण यादी आरएफसी ४७७७ या इंटरनेटवरच्या दस्तऐवजात आहे. ८९४० आला तर होस्टवर क्यूऑटोव्हीआरटी ही सिस्टम व्हॅल्यू बघा, आपोआप किती डिव्हाइस तयार होऊ द्यायची ते ती ठरवते. ती शून्य असेल किंवा मर्यादा भरली असेल, तर लॅपटॉपवर काहीही करा, उपयोग नाही.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो ८९०२. नेटवर्क मध्येच तुटलं, तुम्ही लगेच त्याच नावाने परत आलात, पण होस्टच्या लेखी जुनं सेशन अजून जिवंत आहे. टेलनेटच्या गुणधर्मांत सेशन जिवंत आहे का हे तपासायची वेळ असते, मूळ सेटिंग ६०० सेकंद. तोवर नाव अडकलेलं. घाई असेल तर दुसऱ्या सेशनवरून डब्ल्यूआरकेसीएफजीएसटीएस या कमांडने ते डिव्हाइस शोधा, त्यावरचा जॉब (चालू काम) संपवा, डिव्हाइस व्हॅरी ऑफ, म्हणजे बंद, करून परत ऑन करा. डिव्हाइस कोणाचं आहे ते विचारल्याशिवाय जॉब मारू नका; मागे कोणाची तरी अर्धी नोंद उघडी असते.

कायमचा उपाय नावातच आहे. एसीएसमध्ये, म्हणजे आयबीएमच्या हल्लीच्या जावावर चालणाऱ्या क्लायंटमध्ये, वर्कस्टेशन आयडीच्या (म्हणजे डिव्हाइसच्या नावाच्या) शेवटी = हे चिन्ह टाका. नाव आधीच वापरात असेल तर तो स्वतःच पुढचं अक्षर लावून पाहतो. सगळं मिळून दहा अक्षरांच्या आत बसलं पाहिजे. काही जण वैतागून नावच रिकामं ठेवतात. मग होस्ट क्यूपीएडीईव्ही०००१ असं काहीतरी देतो, साइन-ऑन होतं आणि सगळे खूश. दुपारी कळतं की प्रिंट भलत्याच आउटपुट क्यूत, म्हणजे छपाईच्या रांगेत, गेल्या, कारण जुन्या प्रोग्रामांत डिव्हाइसच्या नावावरून क्यू ठरवायची पद्धत सर्रास असते.

आता टर्मिनलची जात. ३१७९-२ सांगितलं तर २४ ओळी, ८० स्तंभ. ३४७७-एफसी सांगितलं तर २७ बाय १३२ही मिळतं. रिपोर्ट उजवीकडे कापला जातोय अशी तक्रार आली की मी हेच आधी पाहते. लिनक्सवर टीएन५२५० हा एम्युलेटर वापरत असाल तर जात स्वतः द्या, आणि टर्मिनलची खिडकीही तेवढी मोठी ठेवा.

कोड पेजचा घोटाळा जास्त फसवा, कारण जोडणी होते, अक्षरंही नीट दिसतात, बिघडतात फक्त चिन्हं. होस्टचा जॉब कोड पेज ३७वर आणि एम्युलेटर ५००वर असेल तर एसक्यूएलमध्ये लिहिलेलं || स्क्रीनवर !! दिसतं. कारण ४एफ हा बाइट ३७मध्ये | आहे, ५००मध्ये !. तसंच होस्टवरचं ! दिसतं ] असं, आणि [ दिसतो ¬ असा. प्रोग्राम बरोबर असतो, डोळे फसतात, आणि कोणीतरी ते "दुरुस्त" करून ठेवतो! म्हणून कमांड लाइनवर डीएसपीजेओबी मारा, जॉबच्या व्याख्येच्या पानांत सीसीएसआयडी, म्हणजे अक्षरसंचाचा क्रमांक, बघा. तिथे ६५५३५ असेल तर त्याचा अर्थ रूपांतर नाही. मग डीफॉल्ट सीसीएसआयडी बघा आणि एम्युलेटरचं होस्ट कोड पेज त्याला जुळवा. ब्रिटिश २८५ निवडलेलं असेल तर $ चिन्हाची जागाच बदलते, तेव्हा ज्यांच्या पासवर्डात $ आहे त्यांच्यावर आधी शंका घ्या.

कीबोर्डबद्दल थोडक्यात. फील्ड एक्झिट, म्हणजे रकाना संपवून पुढे जाणं, कुठल्या कळीवर आहे ते शोधून ठेवा. काही मॅपमध्ये ती मोठ्या एंटरवर असते आणि खरा एंटर उजव्या कंट्रोलवर. खाली ०००५ दिसून कीबोर्ड अडकला तर कर्सर संरक्षित जागेत आहे. रीसेट दाबा, बहुधा डावा कंट्रोल. पुट्टीसारख्या प्रोग्रामातल्या व्हीटी१०० या दुसऱ्या जातीच्या टर्मिनलवरूनही आत जाता येतं, पण तिथे एफ३साठी एस्केप आणि मग ३ असं दाबत बसावं लागतं. अडीअडचणीला ठीक, रोजच्या कामाला नाही.

२३ नंबरच्या पोर्टवर चालतं पण ९९२वर लगेच तुटतं, असं असेल तर टीएलएस (जोडणी सांकेतिक करायची पद्धत) किंवा प्रमाणपत्राकडे वळा. आयबीएम आय ७.४पासून टीएलएस १.० आणि १.१ मुळातच बंद असतात, त्यामुळे जुना एम्युलेटर तिथे हात टेकतो. होस्टच्या सीएचं, म्हणजे प्रमाणपत्र देणाऱ्याचं, प्रमाणपत्र एम्युलेटरमध्ये घाला, नाहीतर एम्युलेटर बदला. "तात्पुरतं" म्हणून २३ उघडू नका, तिथे पासवर्ड उघडाच जातो. ईबीसीडीआयसी, म्हणजे होस्टची अक्षरं साठवायची पद्धत, वाचता येत नाही म्हणजे पासवर्ड सुरक्षित, असं ऐकलंय मी मोठ्या माणसांकडून. तक्ता समोर ठेवला की तो कोणालाही वाचता येतो.

टेलनेट जोडलं तरी एसीएस साइन-ऑनपाशी थांबला, तर फायरवॉलवाल्यांना ४४९ आणि ८४७६ हे पोर्टही विचारा, टीएलएस असेल तर ९४७६. आणि प्रिंटर सेशनला डिस्प्लेचंच नाव देऊ नका, वेगळं द्या.