७.६५ म्हणजे नेमकं कोणतं?

स्विस लष्कराचं जुनं लुगर पिस्तूल, १९०० च्या मॉडेलपासून ०६/२९ मॉडेलपर्यंतचं कुठलंही, ७.६५ मिमी पॅराबेलम काडतूस मागतं. घोळ असा की दुकानदारापुढे नुसतं '७.६५' म्हटलं, तर हमखास ७.६५ ब्राउनिंगचा खोका पुढे येतो. ते वेगळं आणि बरंच लहान काडतूस आहे. खोक्यावर फक्त आकडा असला की नजर सहज फसते.

पैसे देण्याआधी एक काडतूस हातात घ्या.

१. पुंगळीला, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचाला, बाटलीसारखी मान दिसते का पाहा. पॅराबेलमला असते. ब्राउनिंग सरळसोट.
२. पुंगळीची लांबी मोजा: पॅराबेलम सुमारे २१.६ मिमी, ब्राउनिंग सुमारे १७ मिमी.
३. मान दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. ७.६३ माउझरलाही मान असते, पण त्याची पुंगळी २५ मिमीची.

मी तर खिशात छोटा कॅलिपर ठेवतो. लोक हसतात, हसू देत. तो नसेल तर घरचं एक रिकामं, ओळखीचं कवच सोबत न्यायचं आणि शेजारी उभं करून पाहायचं.

स्विस लष्कराचं नंतरचं पिस्तूल ४९, म्हणजे सिग पी२१०, मुळात ९ मिमी पॅराबेलमचं आहे. काहींकडे त्यासोबत ७.६५ पॅराबेलमची बदली नळीही असते. अशा वेळी दोन्ही दारूगोळा वेगळ्या डब्यांत ठेवा आणि रेंजवर एका दिवशी एकच डबा न्या.

आणि शंका आली, तर काडतूस नळीत घालून बघायचं नाही. मोजायचंच.