स्टुडिओत पाऊस पाडताना या चुका टाळा

स्टुडिओत कृत्रिम पाऊस पाडून फोटो काढायचे ठरले की नवे छायाचित्रकार आधी पाण्याची जमवाजमव करतात आणि प्रकाशाचा विचार पाणी सुरू झाल्यावर करतात. छत्रपती संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत प्री-वेडिंगवाल्यांना आता भर उन्हाळ्यातही पावसातले फोटो हवे असतात, त्यामुळे त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा पाहाव्या लागतात. त्यांतली सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मुख्य दिवा समोर लावणे.

पाण्याचा थेंब पारदर्शक असतो. समोरून टाकलेला बहुतेक प्रकाश त्यातून आरपार जातो आणि मागच्या पडद्यावर पडतो, त्यामुळे कॅमेऱ्याला थेंबाऐवजी उजळलेला पडदा दिसतो. तोच प्रकाश मागून, किंचित बाजूने आला तर थेंबात वळून लेन्सकडे येतो आणि मागे काळोख असेल तर प्रत्येक थेंब उठून दिसतो.

जालन्यात रेनकोटच्या एका शूटला मला मदतीसाठी बोलावले होते. ऐन मे महिना होता आणि पाणी टँकरचे होते. समोर दोन मोठे सॉफ्टबॉक्स (दिव्यावर बसवायच्या, प्रकाश मऊ करणाऱ्या कापडी पेट्या), मागे पांढरा पडदा आणि छताखाली ठिबकच्या नळीला बारीक छिद्रे पाडून टांगलेली चौकट, असा थाट होता. फोटोत मुलगी भिजलेली दिसत होती, पण पाऊस औषधालाही नव्हता. त्यावर छायाचित्रकाराने काढलेला उपाय म्हणजे पाणी वाढवणे. एका नळीच्या तीन नळ्या झाल्या, टाकी निम्मी रिकामी झाली, बिचारी मॉडेल कुडकुडू लागली, आणि शेवटी सहायकाने विचारले, "सर, पाण्यात दूध मिसळू का?" दूध मिसळल्याने थेंब थोडे पांढरे दिसतात हे खरे, परंतु मे महिन्यात त्या दुधाचा वास स्टुडिओतून किती दिवस जात नाही, याचा विचार असे सल्ले देणारे करत नाहीत. मी दोन्ही सॉफ्टबॉक्स बंद करायला लावले, पडद्याऐवजी काळे कापड दोन-अडीच मीटर मागे टांगले आणि साधा रिफ्लेक्टर लावलेला एक फ्लॅश मॉडेलच्या मागे, उंचावर, फोटोत दिसणार नाही असा ठेवून खाली रोखला. दोन नळ्या बंद केल्या. पुढच्याच फोटोत पाऊस होता. चेहऱ्यासाठी नंतर एक सॉफ्टबॉक्स सुरू केला, पण मागच्या दिव्यापेक्षा दोन स्टॉप कमी, म्हणजे चौथाई प्रकाशावर ठेवून.

मागचा दिवा लेन्समध्ये शिरून फोटो धुरकट करत असेल, तर दिवा बंद करू नका. लेन्सला हूड, म्हणजे आडवा प्रकाश अडवणारी पुढची कडा, लावा आणि दिव्याच्या कडेला काळा पुठ्ठा आडवा धरा. आणि पाणी खाली ताडपत्रीच्या उथळ हौदात साठवून, गाळून, पंपाने पुन्हा वर चढवा. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या मुलखात तासभर पाणी वाहू देणाऱ्याचे फोटो कितीही सुंदर आले तरी मला त्याचे कौतुक वाटत नाही.

दुसरी चूक जिवावर बेतणारी आहे. ओल्या फरशीवर एक्स्टेन्शन बोर्ड पडलेला असतो, त्याच बोर्डावर कुलरचा पंप आणि फ्लॅश दोन्ही लावलेले असतात, आणि विचारले तर उत्तर मिळते, "एमसीबी आहे ना!" एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किट ओळखतो, माणसाच्या अंगातून जमिनीत जाणारा थोडासा प्रवाह त्याला कळतच नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे प्रवाहाची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, लागतो. शूटच्या आदल्या दिवशी मी त्याचे टेस्ट बटण दाबून पाहतो आणि अर्थिंग नसलेल्या खोलीत पाणी सुरूच करत नाही, मग ग्राहक नाराज झाला तरी चालेल. बोर्ड जमिनीवर न ठेवता कमरेच्या उंचीवर बांधावा आणि वायर दिव्याकडून खाली लोंबून मग बोर्डाकडे चढेल अशी ठेवावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी खालीच गळून पडते. बॅटरीचा फ्लॅश सोयीचा असतो, पण त्याच्या आतही शेकडो व्होल्ट साठलेले असतात, तेव्हा त्यालाही पाण्यापासून जपावे. दिव्यावर प्लॅस्टिकची पिशवी घालणाऱ्यांनी मॉडेलिंग लॅम्प, म्हणजे फ्लॅशमधला सतत जळणारा छोटा दिवा, आधी बंद करावा. हॅलोजनच्या तापलेल्या दिव्यावर थेंब पडला तर काच फुटू शकते आणि प्लॅस्टिक तर त्याआधीच वितळते.

थेंब गोठवायचे असतील तर शटरचा वेग वाढवत बसू नये. अंधाऱ्या स्टुडिओत थेंब गोठवण्याचे काम फ्लॅशचा झोत करतो, शटर नव्हे. अडीच मीटर उंचीवरून पडणारा थेंब खाली येईपर्यंत सेकंदाला सुमारे ७ मीटर वेग घेतो; झोत १/२५० सेकंद टिकला तर तेवढ्या वेळात थेंब २८ मिलिमीटर सरकतो आणि फोटोत रेघ उमटते. झोत १/१०००० सेकंदाचा असेल तर हेच सरकणे एक मिलिमीटरहूनही कमी होते. कॅमेऱ्यावर लावायचे छोटे फ्लॅश पूर्ण शक्तीच्या १/१६ वर साधारण इतका आखूड झोत देतात. स्टुडिओच्या अनेक जुन्या फ्लॅशचे मात्र उलटे आहे, शक्ती कमी केली की त्यांचा झोत लांबतो. त्यामुळे मी एका मोठ्या दिव्याऐवजी दोन-तीन छोटे दिवे कमी शक्तीवर लावतो. ज्यांना रेघाच हव्या आहेत त्यांनी एलईडीचा सततचा प्रकाश आणि १/६० सेकंदाचे शटर वापरावे. दोन्ही एकाच फोटोत मागणाऱ्या ग्राहकाला दोन वेगळे फोटो काढून द्यावेत.

बोअरच्या पाण्यातले क्षार लेन्सच्या फिल्टरवर आणि काळ्या अ‍ॅक्रिलिकवर पांढरे डाग ठेवतात, म्हणून डाग सुकण्याआधीच पुसावे. फवारणीचा पंप वापरायचा तर कोरा घ्यावा. औषध मारलेला पंप कितीही धुतला तरी माणसाच्या अंगावर वापरू नये. बाटलीवर किंवा ग्लासवर टिकणारे थेंब हवे असतील तर ग्लिसरीन आणि पाणी निम्मे-निम्मे मिसळून शिंपडावे. सॉफ्टबॉक्स ओला असताना घडी घालू नये, तो रात्रभर पंख्याखाली उघडाच ठेवावा.