ड्रायव्हरवर आळ घेण्याआधी

लातूर-उदगीर भागातल्या सोयाबीनच्या गोदामांत आणि डाळमिलमध्ये मी तापमान आणि हवेतला ओलावा नोंदवणारे डबे बसवून देतो. डब्यात रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक (पुढे नुसता ‘पाय’), त्याला हवेचं तापमान-ओलावा मोजणारा एक बीएमई२८० सेन्सर, पोत्यांच्या थप्पीत खुपसलेले तापमानाचे दोन-चार डीएस१८बी२० सेन्सर आणि वीजमीटर वाचायला यूएसबीचं आरएस४८५ (लांबच्या तारेवर चालणारी जोडणी) कन्व्हर्टर. यातलं काहीही बंद पडलं की फोन येतो, "सर, ड्रायव्हर उडालाय ओ." ड्रायव्हर म्हणजे संगणकाला उपकरणाशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर. दुकानात बसणारा माझा भाचासुद्धा तेच म्हणतो, आणि लगेच नवा ड्रायव्हर उतरवायला घेतो.

अपडेट केलेलं नसेल आणि मेमरी कार्ड धड असेल, तर ड्रायव्हर काल होता तसाच आज असतो. बदलतं ते त्याच्या खालचं. म्हणून शोध खालून वर घ्यायचा: आधी वीज, मग तार, मग चिप, मग कर्नलकडची (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडची) नोंद आणि सगळ्यात शेवटी ड्रायव्हर.

विजेपासून सुरुवात करू. रब्बीत पंप सुरू झाले की गावातलं व्होल्टेज पडतं हे खरं, पण बरा अडॅप्टर ते निभावून नेतो. घात करते ती केबल. मोबाईल चार्जिंगची बारीक तारेची केबल फोनला चालते. पायवर लोड आला की तिच्यातच व्होल्टेज खर्ची पडतं. मल्टिमीटर अडॅप्टरला लावून उपयोग नाही. बोर्डाच्या २ आणि ६ नंबरच्या पिनांवर लावा आणि सगळी यूएसबी उपकरणं चालू असताना बघा. साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की पाय स्वतःच तक्रार नोंदवतो. ‘व्हीसीजेनकमांड गेट थ्रॉटल्ड’ विचारलं आणि ०एक्स० आलं तर वीज निर्दोष. ०एक्स५०००० आलं तर त्याचा अर्थ असा, की आत्ता ठीक आहे, पण बोर्ड चालू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं होतं आणि वेगही कमी करावा लागला होता. तुम्ही दुपारी जाता तेव्हा सगळं चालतं आणि रात्री बंद पडतं, असल्या केसमध्ये हा आकडा फार कामाचा. व्होल्टेज पडल्यावर बहुतेक वेळा आधी यूएसबीवाली उपकरणं गळतात. लॉगमध्ये ‘यूएसबी डिस्कनेक्ट’ आणि ‘एरर -७१’ दिसतं, आणि माणूस यूएसबीच्या ड्रायव्हरमागे लागतो.

आता लॉग. ‘डीमेसेज’ कमांड कर्नलची नोंदवही दाखवते. ती सगळे बघतात, पण तळातून बघतात. तळाला दिसतो तो परिणाम. कारण वर कुठेतरी, बोर्ड चालू झाल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत असतं. म्हणून आपल्या उपकरणाचं नाव शोधा आणि त्याची पहिली तक्रार वाचा. शेवटचा उणे आकडा सोडून देऊ नका, निम्मं निदान तिथंच असतं. -१२१ म्हणजे हाक मारली, पलीकडून ओ आली नाही: तार, पत्ता किंवा मेलेली चिप. -११० म्हणजे वाट बघून वेळ संपली. -२ फर्मवेअरच्या (उपकरणात भरायच्या सॉफ्टवेअरच्या) ओळीत असेल तर फर्मवेअरची फाइलच जागेवर नाही. वायफाय डोंगलमध्ये हे नेहमीचं. -५१७ दिसला तर घाबरू नका. ड्रायव्हर म्हणतोय की मला लागणारं दुसरं काहीतरी, म्हणजे एखादा क्लॉक किंवा पॉवर रेग्युलेटर, अजून तयार नाही, मी नंतर येतो. तो शेवटपर्यंत आलाच नाही तर मात्र /सिस/कर्नल/डीबग/ मधली ‘डिव्हायसेस डेफर्ड’ फाइल उघडा. ताटकळलेल्यांची यादी तिथं मिळते, नव्या कर्नलमध्ये कारणासकट.

बीएमई२८० आयटूसी बसवर, म्हणजे चिपांना जोडणाऱ्या दोन तारांच्या जोडणीवर असतो: ३ नंबरच्या पिनवर डेटा, ५ नंबरच्या पिनवर क्लॉक. ‘आयटूसीडिटेक्ट -वाय १’ चालवा. तक्त्यात ७६ किंवा ७७ आलं तर चिप बोलतेय. त्या जागी ‘यूयू’ आलं तर आनंद माना, तो पत्ता ड्रायव्हरने आधीच ताब्यात घेतलाय. नुसत्या रेघा आल्या तर वरचं सॉफ्टवेअर सोडा आणि तारेकडे वळा. गोदामवाल्याला सेन्सर पार पलीकडच्या भिंतीला हवा असतो आणि वायरमन हौसेने लांबलचक केबल ओढून देतो. आयटूसी मुळात एका बोर्डावरच्या चिपांसाठी आहे. बसची एकूण कपॅसिटन्स ४०० पिकोफॅरडच्या आत ठेवायची असते आणि केबलच्या प्रत्येक मीटरला ती वाढत जाते. कॉन्फिग फाइलमध्ये बसचा वेग १,००,००० वरून १०,००० वर आणला तर कधी कधी निभावतं. मी तेवढ्यावर भागवत नाही, लांबच्या कामाला आरएस४८५वालाच सेन्सर लावतो.

पत्ता दिसला म्हणजे चिप तीच आहे असं समजू नका. बाजारात बीएमई२८० म्हणून बीएमपी२८० सर्रास गळ्यात मारतात. सेन्सरची पट्टी तशीच, पत्ता तोच. फक्त ओलावा मोजणारा भाग नाही. ‘आयटूसीगेट’ने ०एक्स७६ वरचं ०एक्सडी० रजिस्टर (चिपचा ओळखक्रमांक तिथं असतो) वाचा. ६० आलं तर बीएमई, ५८ आलं तर बीएमपी. ड्रायव्हर बसल्यावर वाचायला गेलात तर ‘बिझी’ म्हणेल, म्हणून हे आधी उरका. मी नवीन माल आला की दुकानातच एकेक पट्टी अशी तपासतो आणि ५८वाल्या परत करतो.

चिप बोलतेय, तरी सिस्टिममध्ये काही नाही? मग डिव्हाइस ट्री, म्हणजे कर्नलला दिलेली उपकरणांची यादी बघायची. आयटूसीवरच्या चिपा कर्नल स्वतः शोधत फिरत नाही. तलाठ्याने शिवारात न जाता सातबारा बघून बोलावं तसं त्याचं असतं: कागदावर नाव असेल तर उपकरण आहे, नाहीतर नाही. पायवर ती नोंद कॉन्फिग डॉट टेक्स्टमध्ये होते: ‘डीटीओव्हरले=आयटूसी-सेन्सर,बीएमई२८०’, आणि पत्ता ७७ असेल तर पुढे तोही. इथं हमखास फसतात ती गोष्ट म्हणजे २०२३च्या बुकवर्मपासून ही फाइल /बूट/ मधून /बूट/फर्मवेअर/ मध्ये गेलीय. जुने व्हिडिओ बघून जुन्या जागी ओळ लिहायची आणि बोर्ड दहादा रीबूट करायचा, हे चाललेलंच असतं. नोंद लागली का ते /प्रॉक/डिव्हाइस-ट्री/ मध्ये बघा. उपकरणाच्या ‘स्टेटस’मध्ये ‘डिसेबल्ड’ असेल तर ड्रायव्हर तिकडे फिरकतही नाही.

नोंद आहे, तर /सिस/बस/आयटूसी/डिव्हायसेस/ मध्ये ‘१-००७६’ नावाची डिरेक्टरी दिसेल. तिच्यात ‘ड्रायव्हर’ नावाची लिंक आहे का बघा. डिरेक्टरी आहे पण लिंक नाही, तेव्हा कुठे ड्रायव्हरवर संशय घ्यायचा. ‘एलएसमॉड’मध्ये मॉड्यूल (ड्रायव्हरची फाइल) आहे का? नसेल तर ‘मॉडप्रोब’ करा. बीएमई२८०चं काम बीएमपी२८०-आयटूसी नावाचंच मॉड्यूल करतं, नावावरून गोंधळू नका. बाहेरून आणून बसवलेलं मॉड्यूल ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ म्हणत असेल तर ‘मॉडइन्फो’मधलं व्हरमॅजिक (मॉड्यूल कुठल्या कर्नलसाठी बांधलंय ते) आणि ‘यूनेम -आर’ (आत्ता चालू असलेलं कर्नल) ताडून बघा. कर्नल अपडेट झालं आणि मॉड्यूल जुन्यासाठीच बांधलेलं राहिलं. हा खरा ‘उडालेला’ ड्रायव्हर. तो नव्या कर्नलवर पुन्हा बांधायचा, किंवा डीकेएमएस लावून ठेवायचं म्हणजे दरवेळी आपोआप बांधला जातो.

डीएस१८बी२०चं एकच सांगतो. मळणी झाल्यावर एका मालकाचा फोन आला, "सायेब, थप्पी पंच्याऐंशी दाखवायलीय, सोयाबीन पेटतंय का काय?" बरोब्बर ८५.० दिसलं तर ते तापमान नाही. वीज मिळाल्यावर मोजणी पूर्ण होण्याआधी त्या चिपमध्ये पडून असलेला तो आकडा आहे. म्हणजे मोजणीच्या मध्येच सेन्सरची वीज तुटली. जोड घट्ट करा, ४.७ किलोओहमचा रेझिस्टर जागेवर आहे का बघा आणि प्रोग्रॅममध्ये तेवढी किंमत गाळा.

राहिलं आरएस४८५. लाईट जाऊन आली की कन्व्हर्टरचं नाव कधी कधी टीटीवाययूएसबी० चं टीटीवाययूएसबी१ होतं आणि प्रोग्रॅम भलत्याच मीटरला हाका मारत बसतो. यात ड्रायव्हरचा काही दोष नाही. जो आधी सापडला त्याला ०, एवढाच हिशोब आहे. /डेव्ह/सिरीयल/बाय-आयडी/ मधलं नाव वापरा. दोन्ही कन्व्हर्टर सीएच३४० चिपचे असतील तर त्यांना सहसा सिरीयल नंबर नसतो, दोघांची आयडी एकच येते. तिथं बाय-पाथ घ्या, म्हणजे नाव पोर्टवरून ठरेल. आणि डब्यावर मार्करने लिहून ठेवा कुठल्या पोर्टात कुठला मीटर, कारण झाडलोट करणारा पोरगा वायर काढून दुसरीकडे खोचणारच.