रामकुंडात डुबकी मारण्याआधी स्मार्टवॉच काढा
रामकुंडात डुबकी मारायची असेल, तर स्मार्टवॉच आधी काढून ठेवा. मागच्या बाजूला '५ एटीएम' लिहिलंय म्हणजे ५० मीटर खोल जाता येतं असं नाही. तो स्थिर पाण्याच्या दाबाचा चाचणीतला आकडा आहे. जोराने आदळणारं पाणी, साबण आणि वाफ यांनी आतलं सील हळूहळू कमजोर होतं. म्हणून नाशिकच्या थंडीत कढत पाण्याने अंघोळ करतानाही ते मनगटावर नकोच. घड्याळ एकदा जोरात आपटलं असेल, तर त्या आकड्यावर विसंबू नका.

साध्या वॉरंटीत पाण्याने झालेलं नुकसान बहुतेक वेळा धरत नाहीत. वेगळा प्रोटेक्शन प्लॅन घेत असाल, तर त्यात 'लिक्विड डॅमेज' आहे का आणि दुरुस्तीच्या वेळी खिशातून किती भरावे लागतील, हे बिल करण्याआधीच वाचून घ्या.