घरच्या कॉर्न टॉर्टिया, आणि हार्मोन्ससाठी त्यात खरंच काय आहे

आधीच सांगून टाकते, टॉर्टिया (मेक्सिकोची पातळ भाकरी) खाऊन कुणाचे हार्मोन्स बॅलन्स होत नाहीत, तसलं काही वाचलं की वैतागच येतो. हार्मोन फ्रेंडली जेवण म्हणजे मुख्यतः इन्सुलिनला दिवसभर उगाच उड्या मारायला न लावणारं जेवण, म्हणजे फायबर, प्रोटीन, चांगलं फॅट आणि मोजके कार्ब्स. त्या मोजक्या कार्ब्सच्या जागी कॉर्न टॉर्टिया छान बसते, मैदा नाही, साखर नाही, घरी केली तर पीठ, पाणी, मीठ, संपलं. पीसीओएस (अंडाशयांशी निगडित हार्मोन्सचा बिघाड) किंवा इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणं) असेल तर हे जास्तच लागू.

आता पीठ, कारण बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. साध्या मक्याच्या पिठाची टॉर्टिया होत नाही, कितीही मळा ते सुटंच राहतं, आणि कॉर्नफ्लोर तर नुसता स्टार्च, ते विसराच. पाकिटावर मासा हारिना असं लिहिलेलं हवं. मेक्सिकोत मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवतात आणि मग दळतात, याला निक्स्टमलायझेशन म्हणतात, त्याने पीठ धरून राहतं, कॅल्शियम वाढतं आणि मक्यातलं नायसिन, म्हणजे बी३, जे एरवी शरीराला फारसं मिळतच नाही, ते मोकळं होतं. मका युरोपात पोचला पण ही चुन्याची रीत काही त्याच्याबरोबर गेली नाही, मग मक्यावरच पोट भरणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायसिन कमी पडल्याने होणारा आजार, व्हायला लागला. स्पेनमध्ये गास्पार कासाल या डॉक्टरने १७३५ मध्ये तो आजार नोंदवला आणि नायसिनचं कोडं सुटायला १९३७ उजाडलं!

हौस असेल तर अख्ख्या मक्यापासूनही करता येतं. १ किलो सुका मका, ३ लिटर पाणी, १० ग्रॅम खाण्याचा चुना (रंगाचा अजिबात नाही), स्टीलच्या पातेल्यात, अॅल्युमिनियम नको कारण चुना त्याला खातो. मंद आचेवर अर्धा-पाऊण तास, मग गॅस बंद करून ८ ते १२ तास तसंच ठेवायचं. सकाळी दाणे गडद पिवळे झालेले असतात आणि बोटांनी चोळले की साल बुळबुळीत होऊन सुटते. दोन-तीन पाण्याने धुवायचे आणि बारीक वाटायचे. खरं सांगायचं तर रोजच्यासाठी पाकीटच बरं, वाटणं हे दमवणारं काम आहे.

पाकिटाचं पीठ असेल तर २ कप पिठाला दीड कप कोमट पाणी, अर्धा चमचा मीठ. मळून ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा, ही स्टेप गाळू नका, पीठ पाणी हळूहळू पितं. मग छोटा गोळा दाबून बघा, कडेला चिरा पडल्या तर चमचाभर पाणी, हाताला चिकटलं तर थोडं पीठ. लिंबाएवढे गोळे करून प्लास्टिकच्या दोन तुकड्यांमध्ये प्रेसने दाबा, प्रेस नसेल तर जड सपाट तळाचं भांडं चालतं. साधारण २ मिलिमीटर जाडी, फार पातळ केली की प्लास्टिकवरून उचलतानाच फाटते.

तवा चांगला तापलेला हवा, तेल नाही. पहिली बाजू २०-३० सेकंद, कडा सुटायला लागल्या की उलटायची, दुसरी बाजू मिनिटभर, बारीक डाग दिसले की पुन्हा उलटून मध्ये बोटाने हलकंच दाबायचं, फुगली तर उत्तम आणि नाही फुगली तरी खायला काही बिघडत नाही. उतरवलेल्या सगळ्या लगेच फडक्यात गुंडाळून १० मिनिटं ठेवा, वाफेने मऊ होतात, नाहीतर कडक पडतात.

आता ताट. एका मध्यम टॉर्टियात साधारण ११-१२ ग्रॅम कार्ब्स असतात, म्हणून मी दोनवर थांबते आणि वर भरपूर काहीतरी घालते, काळे बीन्स किंवा अंडी नाहीतर चिकन, अवोकाडो, कोबी, टोमॅटो साल्सा. नुसत्या टॉर्टिया खात बसलात तर शुगर वाढणारच, घरच्या असल्या म्हणून काय झालं. थायरॉईडची गोळी चालू असेल तर ती रिकाम्या पोटीच घ्या आणि नाश्ता अर्ध्या ते एक तासाने, अन्न आणि कॅल्शियम दोन्ही तिच्या आड येतात. ग्लूटेन मक्यात नसतंच, पण सिलियाक (ग्लूटेनमुळे आतड्यांना इजा होणारा आजार) असेल तर पाकिटावर ग्लूटेन फ्री लिहिलंय का ते बघून घ्या.

उरल्या तर फ्रीजमध्ये बंद डब्यात तीन-चार दिवस राहतात. गरम करताना पाण्याचा हात फिरवून थेट तव्यावर टाका, मायक्रोवेव्हमध्ये चिवट होतात.