पदराआडून तिळगुळाच्या डब्यापर्यंत
माझी ६ वर्षांची मुलगी हळदीकुंकवाला गेली की माझ्या पदराआड तोंड लपवत असे आणि मीही तिच्यासमोरच "ती फार लाजाळू आहे हो" असे सांगून मोकळी होत असे. ते वाक्य मी आधी बंद केले. माझ्या मते खरा फरक तिथेच पडला. मग संक्रांतीला, गर्दी जमण्यापूर्वी अर्धा तास आधीच शेजारच्या आजींकडे जाऊन, तिच्या हाती तिळगुळाचा डबा दिला. बोलण्याची सक्ती केली नाही. झाकण घट्ट धरून ती बराच वेळ उभी राहिली, तेव्हा आजींनी घाई न करता नुसता तळवा पुढे केला. त्यावर एक वडी पडली आणि "गोड बोला" जेमतेम ऐकू आले. त्या संध्याकाळी ती आणखी दोन घरी स्वतःहून गेली.