माळ्यावरचा जुना संगणक सुरू करताना या चुका टाळा

घराचा माळा साफ करताना किंवा रविवारी जुन्या बाजारात फेरी मारताना ऐंशीच्या दशकातला एखादा धुळीने माखलेला संगणक हाती लागला, की घरी आल्याबरोबर माणूस पहिल्यांदा त्याचा प्लग बोर्डात घालून बटण दाबतो. उत्सुकता समजण्यासारखी आहे, परंतु पस्तीस-चाळीस वर्षे कपाटात सुखरूप राहिलेले यंत्र बऱ्याचदा याच पहिल्या मिनिटात जाते. माझ्याकडे दुरुस्तीसाठी आलेली कित्येक यंत्रे नव्या मालकाच्या हाती पडेपर्यंत बहुधा ठीक होती. या छंदातल्या बहुतेक चुका कामाचा क्रम उलटा केल्याने होतात, म्हणून पुढे सांगितलेल्या गोष्टी शक्यतो त्याच क्रमाने कराव्यात.

वीज देण्याची घाई

आपल्याकडे अधूनमधून अजूनही सापडणारे यंत्र म्हणजे झेडएक्स स्पेक्ट्रम. ब्रिटनच्या सिंक्लेअर रिसर्च कंपनीने ते १९८२ मध्ये बाजारात आणले आणि पुढे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीने त्याची स्पेक्ट्रम प्लस ही आवृत्ती परवान्याने येथे विकली. या यंत्राचा मूळ अ‍ॅडॉप्टर बहुधा हरवलेला असतो, आणि मग घरातला राउटरचा किंवा खेळण्याचा ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर पिन बसते म्हणून लावला जातो. सिंक्लेअरच्या अ‍ॅडॉप्टरच्या गोल पिनेचा आतला भाग ऋण आणि बाहेरचा भाग धन असतो, तर आज दुकानात मिळणारे बहुतेक अ‍ॅडॉप्टर नेमके याच्या उलट असतात. पिन बसली म्हणजे जोडणी बरोबर आहे, असे मुळीच समजू नये. अ‍ॅडॉप्टरवरील लहानशी गोल खूण पाहावी आणि त्यावरही विश्वास न ठेवता मल्टिमीटरने धन-ऋण तपासून घ्यावे.

मूळ अ‍ॅडॉप्टर मिळाला आणि मीटरवर ९ ऐवजी १२-१३ व्होल्ट दिसले, तर तो बिघडला आहे असे समजून फेकून देऊ नये. त्यात व्होल्टेज स्थिर ठेवणारे सर्किट नसते, त्यामुळे यंत्र जोडलेले नसताना आकडा चढाच दिसतो.

त्याच काळातल्या कॉमोडोर ६४ या अमेरिकी घरगुती संगणकाच्या बाबतीत मात्र सावधगिरी उलट्या दिशेने बाळगावी लागते. त्याचा विटेसारखा जड पॉवर सप्लाय ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी असे दोन पुरवठे देतो. तो आतून राळेने भरून बंद केलेला असल्याने त्याची उष्णता बाहेर पडत नाही, आणि वयानुसार त्यातला ५ व्होल्टचा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) निकामी झाला, की व्होल्टेज पडण्याऐवजी चढते. याचा फटका थेट मेमरी चिपांना बसतो. मीटरवर ५.२५ च्या वरचा आकडा दिसला, तर तो सप्लाय निवृत्त करून नवा घ्यावा. शिवाय सुरुवातीला आकडा बरोबर आला, म्हणून तासाभराने तापल्यावरही तो तसाच राहील याची खात्री नसते.

आता माझीच एक चूक सांगतो. एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो हा १९८१ चा संगणक केंद्र सरकारच्या ‘क्लास’ या शालेय संगणक साक्षरता प्रकल्पात १९८४-८५ च्या सुमारास आपल्या शाळांमध्ये आला होता. त्यातलाच असावा असा एक मला भंगारातून मिळाला. बटण दाबल्यावर त्याने आपला ओळखीचा दोन सुरांचा आवाज केला, स्क्रीनवर ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२के’ ही ओळ उमटली, आणि मी आनंदाने बेसिक या संगणकभाषेत दोन ओळींचा प्रोग्रॅम लिहायला बसलो. दहा-बारा मिनिटांनी डाव्या बाजूने तड् असा आवाज झाला, पाठोपाठ पांढरा, तिखट धूर खोलीभर पसरला. गंमत म्हणजे स्क्रीनवरचा कर्सर शांतपणे लुकलुकतच होता. पॉवर सप्लायमध्ये वीज येण्याच्या तोंडाशी गाळणीचे काम करणारा, धातूचा मुलामा दिलेल्या कागदाचा कपॅसिटर फुटला होता. त्याच्या पारदर्शक पिवळसर आवरणाला वर्षानुवर्षे बारीक तडे जातात, तड्यांतून हवेतला दमटपणा आत शिरतो आणि २३० व्होल्ट मिळताच तो फुटतो. आमच्याकडच्या पावसाळ्यात काढलेल्या चाळीस वर्षांनी त्याचे काय केले असेल, याचा विचार मी आधी करायला हवा होता. खोलीच्या पडद्यांचा वास आठवडाभर गेला नाही, आणि घरातल्यांची बोलणीही तितकेच दिवस खावी लागली.

असा कपॅसिटर दिसला, तर तो फुटण्याची वाट न पाहता आधीच बदलावा, मात्र बदली कपॅसिटर एक्स-२ वर्गाचाच, म्हणजे घरच्या विजेवर थेट जोडण्यासाठी बनवलेला, घ्यावा. त्याच मूल्याचा साधा कपॅसिटर त्या जागी लावणे धोक्याचे असते. पॉवर सप्लाय उघडण्याची सवय नसेल, तर हे काम जाणकाराकडून करून घ्यावे. पिक्चर ट्यूबवाल्या मॉनिटरच्या बाबतीत तर हा नियमच समजावा, कारण तेथे हजारो व्होल्टचा संबंध असतो आणि प्लग काढल्यानंतरही ट्यूबमध्ये भार शिल्लक राहू शकतो. अमेरिकेतील नातेवाइकांनी पाठवलेले ११० व्होल्टचे यंत्र थेट आपल्या बोर्डात लावू नये, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

बॅटरी: काढण्याआधी लिहून घ्या

३८६ आणि ४८६ या प्रोसेसरांच्या पिढीतल्या पीसींच्या मुख्य बोर्डांवर कीबोर्डच्या सॉकेटजवळ एक निळी किंवा हिरवी, नळकांड्यासारखी बॅटरी सोल्डर केलेली असते. ती गळते आणि तिच्यातला अल्कली द्राव तांब्याच्या रेषा खात जातो. कॉमोडोरच्याच अमिगा ५०० प्लस आणि अमिगा २००० या संगणकांची कथा हीच आहे. बॅटरी ताबडतोब काढावी, हा सल्ला सर्वत्र मिळतो आणि तो योग्यही आहे. मात्र बॅटरीत अजून जीव असेल, तर ती काढताच हार्ड डिस्कचे सिलिंडर, हेड आणि सेक्टर यांचे आकडे बोर्डाच्या स्मृतीतून पुसले जातात आणि दुसऱ्या दिवशी धडधाकट हार्ड डिस्क ‘सापडत नाही’. म्हणून आधी सेटअपचा पडदा उघडून हे आकडे कागदावर उतरवावेत, शक्य असल्यास फोटोही काढावा. गळती झालेली असेल, तर मात्र यंत्र सुरूच करू नये. अशा वेळी हार्ड डिस्कवर चिकटवलेल्या लेबलवर आकडे मिळतात का, ते पाहावे. हिरवट पूड प्रथम पातळ व्हिनेगरने निष्प्रभ करावी, मग शुद्ध पाण्याने व शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड पुसून पूर्ण वाळू द्यावा.

पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकला पांढरे करण्याचा मोह पहिल्याच आठवड्यात होतो. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन यांनी रंग उजळतो हे खरे, पण लेप असमान बसला तर ढगांसारखे डाग पडतात, आणि काही वर्षांनी पिवळेपणा बऱ्याचदा परततो. माझ्या मते पिवळे यंत्र चालू असणे हे पांढरे यंत्र बंद असण्यापेक्षा बरे. आधी दुरुस्ती, मग रंगरंगोटी.

बिघाड शोधताना

पडदा कोरा आला की प्रोसेसर जळाला, असा निष्कर्ष काढून मोठ्या चिपा उपटणे ही नवख्यांची सार्वत्रिक सवय आहे. प्रत्यक्षात प्रोसेसर सहसा शेवटचा संशयित असतो. स्पेक्ट्रममधल्या खालच्या १६ केबीच्या मेमरी चिपांना +५, −५ आणि +१२ असे तीन व्होल्टेज लागतात आणि ते बोर्डावरच्याच एका छोट्या सर्किटमधून तयार होतात. त्यातला −५ चा पुरवठा नाहीसा झाला, तर या चिपा मरतात आणि स्क्रीनवर पट्ट्या किंवा चौकटींची नक्षी दिसते. तीनही व्होल्टेज मोजण्यापूर्वी नव्या चिपा लावल्या, तर त्याही त्याच वाटेने जातात. ज्या यंत्रांत चिपा सॉकेटमध्ये बसवलेल्या असतात, तेथे त्या अलगद काढून पुन्हा दाबून बसवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आधी करून पाहावा. स्पेक्ट्रमचे झाकण उघडताना कीबोर्डच्या आतल्या प्लास्टिकच्या थराच्या दोन पातळ पट्ट्या बोर्डात अडकलेल्या असतात. त्या वाळलेल्या पानासारख्या ठिसूळ झालेल्या असतात, त्यामुळे झाकण झटक्याने उचलू नये. ब्रिटनहून आलेल्या कॉमोडोरचे चित्र आपल्या जुन्या टीव्हीवर येते पण आवाज येत नाही, असे झाल्यास यंत्राला दोष देऊ नये. तेथील प्रक्षेपणपद्धतीत आवाज चित्रापासून ६ मेगाहर्ट्झवर असतो, आपल्याकडे ५.५ वर, व्हिडिओ आणि ऑडिओच्या वेगळ्या तारा जोडल्या की प्रश्न मिटतो.

फ्लॉपी, बुरशी आणि मराठी मजकूर

मुंबई, कोकण किंवा गोव्यात राहिलेली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्यापूर्वी तिच्या लांबट खिडकीतून चकती हळूहळू फिरवून पाहावी. पांढुरके ठिपके किंवा वर्तुळे दिसली, तर ती बुरशी आहे. अशी एक फ्लॉपी वाचताना हेड माखते आणि त्यानंतर घातलेल्या प्रत्येक चांगल्या फ्लॉपीवर ओरखडा उठतो. म्हणजे एका फ्लॉपीच्या हट्टापायी पूर्ण डबा जातो.

दुसरी चूक दिसत नाही, म्हणून ती अधिक वाईट. विंडोज ९५ आणि त्यानंतरच्या आवृत्त्या फ्लॉपी नुसती उघडून पाहिली तरी तिच्या पहिल्या सेक्टरमध्ये स्वतःची खूण लिहू शकतात. त्यामुळे घालण्यापूर्वीच लेखनबंदी करावी: साडेतीन इंची फ्लॉपीवर चौकोनी भोक उघडे ठेवून आणि सव्वापाच इंची फ्लॉपीवर कडेची खाच अपारदर्शक चिकटपट्टीने झाकून. ‘फॉरमॅट करायचे का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणू नये. त्याचा अर्थ फ्लॉपी कोरी आहे असा नसून, ती या यंत्राला कळत नाही इतकाच असू शकतो. अमिगाची फ्लॉपी साध्या पीसीला सहसा वाचताच येत नाही. तसेच १.२ एमबीच्या ड्राइव्हमधून ३६० केबीच्या फ्लॉपीवर लिहू नये, कारण त्या ड्राइव्हचा हेड अरुंद रेघ ओढतो आणि जुन्या ड्राइव्हला नव्या रेघेसोबत कडेची जुनी रेघही ऐकू येते.

मराठी वाचकांसाठी यातला सर्वांत नाजूक भाग मजकुराचा आहे. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने पुढे आणलेल्या, संगणकात बसवायच्या गिस्ट कार्डामुळे विंडोजपूर्वीच्या डॉस प्रणालीवर देवनागरी उमटू लागली, आणि त्या फायली इस्की या संकेतप्रणालीत आहेत. इस्कीमध्ये खालचे १२८ संकेत इंग्रजीचे आणि देवनागरी अक्षरे त्यांच्या वरच्या अर्ध्या भागात असतात. वर्डस्टार हा त्या काळचा लेखनाचा प्रोग्रॅम मात्र शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट स्वतःच्या खुणेसाठी वापरत असे, म्हणून वर्डस्टारच्या फायली ‘स्वच्छ’ करणारी साधने सरसकट आठवा बिट पुसतात. असे साधन इस्की मजकुरावर चालवले, तर सगळी मराठी एका फटक्यात इंग्रजी अक्षरांच्या कचऱ्यात बदलते आणि ती परत आणता येत नाही. सिरियल केबलने फाइल पाठवताना सात बिटांची मांडणी निवडली तरी परिणाम हाच होतो. विंडोजच्या काळातल्या, युनिकोड ही आजची संकेतप्रणाली रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या मजकुराची गोष्ट वेगळी आहे. तो कचऱ्यासारखा दिसला तरी शाबूत असतो, फक्त नेमका तोच फॉन्ट हवा असतो. म्हणून मूळ फाइलची जशीच्या तशी प्रत बाजूला ठेवावी, तिच्याशेजारी त्या संगणकावरची फॉन्टची फाइलही जपावी, आणि रूपांतराचे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करावेत.

जुन्या कट्ट्यांवर जाताना

वॉर्ड ख्रिस्तेन्सेन आणि रँडी स्यूस यांनी शिकागोत फेब्रुवारी १९७८ मध्ये पहिले बुलेटिन बोर्ड, म्हणजे फोनवरून मोडेमने जोडून निरोप व फायली ठेवण्याचा संगणकी कट्टा, सुरू केले, तेव्हा एका वेळी एकच माणूस फोन लावून आत येऊ शकत असे. १९८४ पासून फिडोनेटने असे बोर्ड एकमेकांना जोडले. आपल्याकडेही अतुल चिटणीस यांचे बंगळूरमधील सीआयएक्स नावाचे बोर्ड होते. यांपैकी फार थोडे टिकले, पण त्याच पद्धतीचे अनेक बोर्ड आज टेलनेटवर, म्हणजे इंटरनेटवरून दूरच्या संगणकाशी जोडून घेण्याच्या जुन्या पद्धतीवर, चालतात आणि कॉमोडोरवरूनही तेथे जाता येते.

तेथील पहिली चूक म्हणजे बँकेच्या किंवा ईमेलच्या पासवर्डसारखा पासवर्ड देणे. टेलनेटमध्ये टाइप केलेले प्रत्येक अक्षर उघडे जाते, म्हणून तेथे इतरत्र कुठेही न वापरलेला शब्द द्यावा. दुसरी तक्रार नेहमीची: चौकटी आणि चित्रांच्या जागी विचित्र अक्षरे दिसतात. ही चित्रे आयबीएम पीसीच्या ४३७ क्रमांकाच्या अक्षरसंचात काढलेली असतात, तेव्हा टर्मिनल प्रोग्रॅममध्ये युनिकोडऐवजी तो संच निवडावा. खरा मोडेम वापरण्याची हौस असेल आणि घरचा फोन फायबरवरून येत असेल, तर आवाज संकुचित करून (कॉम्प्रेस करून) पाठवणाऱ्या त्या यंत्रणेत मोडेमचे सूर विस्कटतात. वेग सेकंदाला १२०० किंवा २४०० बिटांवर उतरवल्यास कधी कधी जमते. न जमल्यास वायफायवर चालणारा नकली मोडेम घ्यावा. एक्समोडेमने उतरवलेल्या फाइलच्या शेपटीला नको ती अक्षरे दिसली, तर फाइल बिघडली असे समजू नये. ख्रिस्तेन्सेन यांचीच ही १९७७ ची पद्धत १२८ बाइटांच्या गठ्ठ्यांत माल पाठवते आणि शेवटचा गठ्ठा भरतीने पूर्ण करते.

हे बोर्ड बहुधा एकच माणूस स्वतःच्या खर्चाने चालवतो. येऊन, फायली उतरवून, एक शब्दही न लिहिता निघून जाणारा पाहुणा तेव्हाही नकोसा होता. आणि जुन्या डिस्कवर यूजनेट या जुन्या चर्चाजाळ्यावरच्या किंवा मराठी मंडळींच्या नव्वदीतल्या गप्पा सापडल्या, तर त्या जशाच्या तशा जाहीर करू नयेत. लिहिणाऱ्यांनी तेव्हा स्वतःचे पूर्ण नाव, कार्यालयाचा पत्ता आणि घरचा फोनही खाली सहीत दिलेला असे, आणि त्यांच्यापैकी काहींचा तो पत्ता किंवा क्रमांक आजही तोच असू शकतो.